पुनर्बांधणी केलेल्या कॅलिपरमधील ब्रेक ऑइलची गळती : मर्सिडीज २४० डी, नागपूर

११ फेब्रुवारी २०२४

काकांची मर्सिडीज २४० डी आज त्रिमूर्तीनगरला माझ्याकडे आणून घोड्यांवर (गाडी उचलून टेकवण्याच्या स्टँडवर) चढवली. ही डब्ल्यू १२३ मालिकेतील गाडी आहे. या मालिकेचे उत्पादन १९७५ च्या अखेरीपासून १९८६ पर्यंत झाले आणि काकांची गाडी १९८२ च्या बनावटीची आहे. चारही चाकांना डिस्क ब्रेक असून पुढील कॅलिपर (पॅड डिस्कवर दाबणारे भाग) स्थिर पद्धतीचे आहेत, म्हणजे कॅलिपर स्वतः सरकत नाही, डिस्कच्या दोन्ही बाजूंनी समोरासमोर एकेक पिस्टन पॅड दाबतो. कॅलिपर दोन अर्ध्यांचा बनलेला असतो, हे अर्धे बोल्टने जोडलेले असतात आणि एका अर्ध्यातून दुसऱ्यात ऑइल जाण्यासाठी जोडाच्या पृष्ठभागात एक लहान भोक असते, ज्याच्याभोवती रबरी रिंग बसते.

२३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडून जे पाणी वस्तीत शिरले, त्या पाण्यात ही गाडी अंबाझरी लेआउटमधल्या फाटकाच्या आत चाकांच्या मध्यापर्यंत उभी होती. आधीच बरीच वर्षे कमी चालवलेली गाडी असल्याने पिस्टन अडकले आणि पुढचे दोन्ही कॅलिपर काकांनी बाहेरगावच्या एका कारखान्यात पुनर्बांधणीसाठी पाठवले. ते अत्यंत देखणे होऊन परत आले: पिवळसर सोनेरी रंग, सीलची नवी किट, नवे डस्ट कव्हर. बसवल्यावर ब्रेकही लागत होते. काही आठवड्यांनी मात्र पुढच्या उजव्या चाकाच्या आतल्या बाजूला ओल दिसू लागली, नंतर डावीकडेही.

काकांचे म्हणणे असे की, "अरे, ब्रेक तर चांगला लागतो, पायडल दाबून धरलं तर खालीही जात नाही, मग हे ओलं कसलं?" त्यांचे निरीक्षण अचूक आहे. दाबाखाली टिकणारी आणि विश्रांतीत गळणारी ही गळती आहे, असे माझे आजचे अनुमान आहे, आणि ते खरे ठरले तर केवळ पायडल दाबून केलेली कोणतीही तपासणी तिला पकडू शकणार नाही.

१३ फेब्रुवारी २०२४

ओल कुठून येते हे ठरवण्याआधी ती ब्रेक ऑइलचीच आहे, याची खात्री केली. हबमधील ग्रीस पातळ होऊन बाहेर आले तरी चाकाच्या आत असाच काळपट ओघळ दिसतो. ब्रेक ऑइल पाण्यात पूर्ण मिसळते, ग्रीसचे तेल वर तरंगते. कापडाने टिपलेला ओलावा वाटीभर पाण्यात पिळला तेव्हा तेलाचा तवंग आला नाही. स्टीअरिंग नकलच्या (चाकाचा हब धरणाऱ्या भागाच्या) रंगाचेही फुगून पापुद्रे सुटले आहेत, कारण ग्लायकोलवर आधारित ब्रेक ऑइल रंग खाते. ज्याला जुन्या गाडीच्या रंगाची काळजी आहे त्याने काम करताना पाण्याची बादली जवळ ठेवावी, सांडलेले ऑइल पुसून काढण्यापेक्षा भरपूर पाण्याने धुणे अधिक उपयोगी पडते.

दोन्ही कॅलिपर धुऊन, पूर्ण सुकवून त्यांवर खडूची बारीक भुकटी फुंकरीने बसवली आणि ब्रेक ऑइलच्या टाकीवर पातळीची चिकटपट्टी लावली. ओल आली की भुकटी काळी पडते आणि ओघळाच्या टोकाऐवजी त्याचा उगम दिसतो, हा या साध्या उपायाचा मोठा फायदा आहे.

१४ फेब्रुवारी २०२४

सकाळी उजव्या कॅलिपरवर दोन अर्ध्यांच्या जोडरेषेवरच, बरोबर ऑइलच्या भोकाच्या पातळीला, काळी रेघ उमटलेली होती. डावीकडे जोड कोरडा होता, पण आतल्या पिस्टनच्या डस्ट कव्हरखाली खालच्या बाजूने भुकटी भिजली होती. म्हणजे दोन चाकांना दोन वेगळे आजार आहेत. दोन्ही ब्लीडर (हवा काढण्याचे स्क्रू) आणि होज पाइपचे जोड कोरडे आहेत.

ब्लीडरविषयी एक गोष्ट नोंदवून ठेवतो, कारण बऱ्याच गॅरेजमध्ये गळका ब्लीडर दिसला की आट्यांवर टेफ्लॉनची पट्टी गुंडाळली जाते. ब्लीडर आट्यांवर बंद होत नाही, त्याचे निमुळते टोक कॅलिपरमधील बैठकीवर टेकून बंद होते. बैठक खराब असेल तर पट्टी गळती थोपवल्याचा भास निर्माण करते आणि तिचा तुटलेला तुकडा आत गेला तर वेगळेच संकट उभे राहते.

१८ फेब्रुवारी २०२४

दोन्ही कॅलिपर उतरवून टेबलावर चाचणी घेतली. भंगारातील एक चालू स्थितीतला मास्टर सिलिंडर (पायडलच्या जोराने ऑइलमध्ये दाब निर्माण करणारा भाग), त्याला लांब दांडा आणि दाबमापक जोडून एक साधे यंत्र तयार केले होते. दोन पिस्टनांच्या मध्ये डिस्क आणि पॅड यांच्या एकत्रित जाडीचा पोलादी ठोकळा ठेवला आणि ८० बार दाब दिला. जोरात ब्रेक लावल्यावर येणारा दाब साधारण याच पातळीचा असतो. ५७ मिमी व्यासाच्या पिस्टनचे क्षेत्रफळ सुमारे २५.५ चौरस सेंटिमीटर होते. म्हणजे ८० बार दाबाला एकेक पिस्टन सुमारे दोन टन बलाने ढकलला जातो आणि तेच बल कॅलिपरचे दोन अर्धे एकमेकांपासून दूर खेचते. इतक्या दाबाखाली दोन्ही कॅलिपर कोरडे राहिले आणि मापकाचा काटाही हलला नाही.

त्यानंतर मास्टर सिलिंडर काढून, कॅलिपरपासून अर्धा मीटर उंचीवर ब्रेक ऑइलची बाटली टांगली आणि तशीच रात्रभर ठेवली. गाडीत टाकी कॅलिपरच्या साधारण एवढीच वर असते. अर्धा मीटर उंचीच्या ऑइलचा दाब जेमतेम ०.०५ बार भरतो. सकाळी उजव्या कॅलिपरखालचे वर्तमानपत्र भिजलेले होते, डावीकडे पिस्टनखाली थेंब लोंबत होता.

याचे कारण रबराच्या स्वभावात आहे. दाब वाढला की रिंग स्वतःच खाचेच्या भिंतीवर आणि तळावर अधिक जोराने दाबली जाते आणि लहानसहान खड्डे बुजवते. दाब नसताना तिच्याजवळ बसवतानाच्या चेपणुकीचे बळ तेवढे उरते. ते बळ कमी पडले, किंवा पृष्ठभाग खडबडीत असला, तर ऑइल झिरपण्यासाठी ०.०५ बारही पुरतो. पायडल सोडल्यावर ऑइल मागे परतताना क्षणभर आत किंचित ओढ निर्माण होते आणि त्याच वाटेने हवा आत येऊ शकते. पायडल अलीकडे सकाळी थोडे मऊ लागते, अशी तक्रार काकांनी केली होती, तिचा उलगडा यातून होतो. "थोडं झिरपतंय, ऑइल टाकत राहा" हा सल्ला म्हणूनच मला मान्य नाही.

२५ फेब्रुवारी २०२४

उजवा कॅलिपर उघडला. मूळ उत्पादकाची सूचना अर्धे वेगळे करू नयेत अशीच आहे आणि ती योग्य आहे. जोड कोरडा असलेला कॅलिपर मी कधीच उघडत नाही. येथे मात्र आधीच्या कारखान्याने तो उघडलेला होता आणि गळती जोडातच होती, त्यामुळे दुसरा मार्ग नव्हता.

जोडाचे बोल्ट अपेक्षेपेक्षा फारच कमी जोराने सुटले. उघडताच कारण समोर दिसले. बाहेरून लावलेला तो सोनेरी रंग पावडर कोटिंगचा होता आणि तो जोडाच्या दोन्ही पृष्ठभागांवरही तसाच बसलेला होता, झाकपट्टी लावण्याचे कष्ट कोणी घेतले नव्हते. बोल्टच्या भोकांभोवती तो थर चेपून चकाकत होता. पावडर कोटिंग उष्णतेने मऊ पडते आणि दाबाखाली हळूहळू चेपते. पुढचा कॅलिपर शंभर अंशांच्या वर सहज जातो, तेव्हा थर चेपत गेला आणि बोल्टचा ताण तितकाच उतरत गेला. दोन टनांचे बल पेलणाऱ्या जोडाच्या मध्ये रंग असणे ही माझ्या मते गळतीपेक्षाही गंभीर बाब आहे.

मोजमापे घेतली. रिंगची जाडी १.९५ मिमी, तिच्या खाचेची खोली १.४५ मिमी. धातूला धातू भिडला असता तर रिंग ०.५० मिमी, म्हणजे सुमारे २५ टक्के चेपली असती आणि ही चेपणूक योग्य आहे. दोन्ही बाजूंच्या रंगाचे थर मिळून ०.१७ मिमी भरले, त्यामुळे प्रत्यक्ष चेपणूक ०.३३ मिमी, म्हणजे १७ टक्क्यांच्या आसपास राहिली. तेवढ्यावर एखादी रिंग निभावून नेते, पण खाचेच्या तळाला पुराच्या पाण्याने पडलेले गंजाचे खड्डे भिंगातून स्पष्ट दिसत होते. कमी चेपणूक आणि खड्ड्यांचा तळ, या दोन्ही गोष्टी एकत्र आल्या आणि जोड झिरपू लागला.

रबर चुकीच्या जातीचे असण्याची शंकाही तपासायला हवी. ब्रेक ऑइलसाठी ईपीडीएम रबर लागते. साध्या हायड्रॉलिक कामाची नायट्राइल रिंग दिसायला तशीच काळी असते, पण ग्लायकोलच्या ऑइलमध्ये फुगून मऊ होते. काढलेल्या रिंगचे दोन तुकडे करून एक इंजिन ऑइलमध्ये आणि दुसरा ब्रेक ऑइलमध्ये टाकून ठेवला आहे.

३ मार्च २०२४

इंजिन ऑइलमधला तुकडा फुगून लिबलिबीत झाला आहे, ब्रेक ऑइलमधला मूळ मापाचाच आहे. म्हणजे रिंग ईपीडीएमचीच होती. रबरावरचा संशय दूर झाला, दोष पूर्णपणे पृष्ठभागांचा आहे.

याच चाचणीतून हेही दिसते की पिस्टन बसवताना हाताशी असलेले साधे ग्रीस किंवा इंजिन ऑइल का लावू नये. खनिज तेलाचे बोटभर ग्रीसही नव्या सीलचा नाश करते. मी ताजे ब्रेक ऑइल किंवा ब्रेकसाठी असलेले रबर ग्रीस एवढेच वापरतो.

१० मार्च २०२४

डाव्या कॅलिपरचे पिस्टन काढले. या रचनेतील चौकोनी छेदाचे सील पिस्टनवर नसून बोअरमधील (पिस्टन ज्यात सरकतो त्या भोकातील) खाचेत बसलेले असते. पिस्टन पुढे सरकतो तेव्हा सील त्याला धरून थोडे वाकते, दाब गेला की सरळ होताना पिस्टनला मागे ओढते आणि पॅड डिस्कपासून केसभर दूर होतो. म्हणून येथे ऑइल अडवणारे पृष्ठभाग दोनच: पिस्टनची बाहेरची बाजू आणि खाचेचा तळ. बोअरची भिंत ऑइल अडवत नाही. आपल्याकडे पुनर्बांधणी म्हटले की बोअर होन करून (आतून बारीक घासून) चकचकीत करतात. मास्टर सिलिंडरच्या बाबतीत त्याला अर्थ आहे, कारण तेथे सील भिंतीवर घासते. अशा कॅलिपरमध्ये होनिंगने फक्त पिस्टनभोवतीची मोकळीक वाढते.

पिस्टन लांबून नवा वाटत होता. भिंगाखाली मात्र त्याच्या क्रोमवर लांबीच्या दिशेने ओरखडे दिसले. गंजाचे डाग घालवण्यासाठी कोणीतरी तो पॉलिश पेपरने वर-खाली घासला होता. आडवा, म्हणजे परिघाच्या दिशेचा ओरखडा सीलच्या एकाच बाजूला राहतो. उभा ओरखडा सीलखालून आतपासून बाहेरपर्यंत वाट काढून देतो. दोन ठिकाणी क्रोम संपून खालचे पोलादही उघडे पडले होते, ते पुन्हा गंजणारच. पिस्टन वाचवण्याजोगा नाही. खाचेचा तळ पितळी आकड्याने साफ केला, तो सुदैवाने शाबूत निघाला.

चारही पुढचे पिस्टन बदलायचे ठरवले. काका दिल्लीच्या काश्मिरी गेटच्या बाजारातून तयार पिस्टन मागवायला तयार होते. तेथून आलेला पिस्टन मोजूनच घ्यावा लागला असता, त्यापेक्षा हिंगणा एमआयडीसीत समोर बसून स्टेनलेस स्टीलचे कातून घेणे मला अधिक भरवशाचे वाटले.

१७ मार्च २०२४

कातण्याआधी मोकळिकीचा हिशेब करणे आवश्यक होते, आणि स्टेनलेसचे पिस्टन करवून घेणारे बहुतेक जण हीच पायरी गाळतात. ३०४ जातीचे स्टेनलेस दर अंशाला साध्या पोलादापेक्षा किंवा बिडापेक्षा सुमारे दीडपट प्रसरण पावते. फरक मीटरमागे दर अंशाला ५ ते ६ मायक्रॉन इतका धरला, तर ५७ मिमी व्यासाचा पिस्टन १५० अंशांनी तापल्यावर बोअरच्या तुलनेत जवळजवळ ०.०५ मिमी अधिक वाढेल. मूळ मोकळीक तेवढीच ठेवली तर घाटात किंवा उन्हाळी रहदारीत पिस्टन नेमका तापलेला असतानाच अडकेल. म्हणून प्रत्येक बोअर मोजून पिस्टन ०.१० मिमी लहान ठेवायला सांगितला. स्टेनलेसचा दुसरा गुण येथे उपयोगाचा आहे: ते उष्णता पोलादापेक्षा बरीच कमी वाहून नेते, त्यामुळे पॅडची धग ऑइलपर्यंत कमी पोहोचते.

टर्नर जाणकार निघाले. माप आणि पृष्ठभाग दोन्हींचा आग्रह धरल्यावर ते म्हणाले, "भाऊ, घाईत पाहिजे असन तं चमकवून देतो, बरोबर पाहिजे असन तं ग्राइंडिंगले टाइम लागते." वेळ घ्यावा असे सांगून आलो. मूळ पिस्टनच्या तोंडावर एका बाजूला पायरी कापलेली असते, पॅड करकरू नये यासाठी ती असते, तिचे माप जुन्या पिस्टनवरून घ्यायला दिले. उजव्या कॅलिपरच्या खाचेचा तळही तेथेच ०.०४ मिमी साफ करून घेणार आहे. एवढ्याने खड्डे जातात आणि रंग काढल्यावर चेपणूक २३ टक्क्यांवर राहते. याहून खोल जावे लागले असते तर तो कॅलिपर मी वापरला नसता.

२९ मार्च २०२४

धुळवडीच्या सुट्टीमुळे काम लांबले होते, आज पिस्टन मिळाले. चारही मापात आहेत, ग्राइंडिंगच्या खुणा परिघाच्या दिशेने आहेत.

७ एप्रिल २०२४

जोडाच्या पृष्ठभागांवरील पावडर कोटिंग रंग काढण्याच्या रसायनाने उतरवले. वाळूच्या किंवा काचेच्या माऱ्याने ते लवकर निघाले असते, पण त्याने सपाट पृष्ठभागाला बारीक खड्डे पडतात. मार्किंग ब्लू (पृष्ठभाग सपाट टेकतो का हे दाखवणारा निळा रंग) लावून अर्धे एकमेकांवर टेकवले, रंग सर्वत्र सारखा उमटला. डावा कॅलिपर जोडात कोरडा होता, तरी त्याच कारखान्यातून तसाच रंगवून आलेला असल्याने तोही उघडला. आत तोच थर होता. त्याच्यावरही तेच उपचार केले.

बोल्ट नवे घेतले, लांबी आणि डोक्यावरील दर्जाचा आकडा जुन्याप्रमाणेच. टॉर्क पान्याने टप्प्याटप्प्याने, आतले आधी आणि बाहेरचे नंतर आवळले. सील ब्रेक ऑइलमध्ये बुडवून हाताने बसवले, पिस्टन अंगठ्यांच्या दाबाने सरळ आत गेले. हातोडी लागली तर काहीतरी चुकले आहे, असे समजून थांबावे.

पुन्हा टेबलावर ८० बार, आणि नंतर बाटली टांगून अर्ध्या मीटरचा दाब. या वेळी बाटली दोन रात्री तशीच ठेवली. खडू पांढरा राहिला.

१४ एप्रिल २०२४

कॅलिपर गाडीवर चढवले. ऑइल प्यायलेले जुने पॅड काढून टाकले. पॅड जाळून, पेट्रोलने धुऊन पुन्हा वापरण्याची पद्धत सर्रास आहे, पण पॅडच्या आतपर्यंत मुरलेले ऑइल तापल्यावर पुन्हा बाहेर येते आणि गाडी एका बाजूला ओढते. डिस्क ब्रेक क्लीनरने स्वच्छ पुसल्या.

पूर्ण जुने ऑइल काढून डॉट ४ दर्जाचे ब्रेक ऑइल भरले. कोरडे असताना त्याचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश आणि ३.७ टक्के पाणी मुरल्यावर किमान १५५ अंश असावा लागतो. नागपूरच्या पावसाळ्यातली दमट हवा टाकीच्या झाकणातून आणि होज पाइपमधूनही ऑइलपर्यंत पोहोचते, म्हणून दोन वर्षांनी ऑइल बदलणे काकांना लिहून दिले आहे. स्टीअरिंग उजवीकडे असल्याने मास्टर सिलिंडरपासून सर्वांत दूरचे चाक मागचे डावे. तेथून सुरुवात करून हवा काढली. पायडल एकदाही तळापर्यंत दाबू दिले नाही, त्यासाठी त्याखाली लाकडी ठोकळा ठेवला होता. जुन्या मास्टर सिलिंडरमध्ये सील रोजच्या प्रवासापलीकडच्या गंजलेल्या भागावर गेले की फाटते आणि पुढच्या ब्रेकच्या दुरुस्तीतून मास्टर सिलिंडरचे काम निघते.

२१ एप्रिल २०२४

एक आठवडा गाडी उभी होती, टाकीची पातळी चिकटपट्टीच्या रेषेवरच आहे. आज पहाटे रहदारी नसताना सेमिनरी हिल्सच्या चढ-उतारावर गाडी चालवली. नवे पॅड बसण्यासाठी आधी मध्यम वेगातून हलके ब्रेक, मध्ये थंड होण्यापुरते अंतर, मग हळूहळू जोर वाढवत गेलो. गाडी सरळ थांबते. पायडल उंच आणि टणक आहे. ब्रेक सोडल्यावर पुढची चाके जॅकवर हाताने मोकळी फिरतात, याचा अर्थ सील पिस्टनला मागे घेत आहेत.

१२ मे २०२४

खरी परीक्षा उन्हाची होती. भर दुपारी वर्धा रोडने बुटीबोरीपर्यंत जाऊन आलो, परतताना सिग्नलमागून सिग्नलवर थांबत. घरी येताच इन्फ्रारेड मापकाने दोन्ही पुढच्या डिस्क तपासल्या, डाव्या-उजव्यात नोंद घेण्याजोगा फरक नाही, म्हणजे कोणताही पिस्टन अडकत नाही. चाके काढून पाहिले: जोडरेषा, डस्ट कव्हरची कड, ब्लीडर, सर्व कोरडे.

आज मागच्या कॅलिपरवरही खडू लावून ठेवला आहे. ते त्या कारखान्यात गेले नव्हते आणि अजून कोरडे आहेत, म्हणून त्यांचे जोड उघडणार नाही. डस्ट कव्हर मात्र तडकले आहेत. पावसाळ्यापूर्वी ते बदलून, त्याच वेळी पिस्टनच्या कडेला गंज दिसतो का ते पाहायचे आहे. काकांनी तोपर्यंत दर रविवारी टाकीची पातळी पाहून वहीत लिहायचे कबूल केले आहे.